घोटा बदलायचा, की जोडायचा?

गुडघे बदलून आलेली माणसं आता किरनापूर तहसिलीतल्या गावागावांत दिसतात. गोंदियाला किंवा नागपूरला जाऊन आलेली एखादी आजी तीन-चार महिन्यांत देवळापर्यंत चालू लागते, आणि तिला बघून घोट्याच्या दुखण्यानं हैराण झालेला शेजारी विचारतो, "गुडघा बदलतात तसा घोटाही बदलतात म्हणे. आपलाही बदलून घ्यावा का?"

हा लेख त्या शेजाऱ्यासाठी आहे. घोटा बदलता येतो, आणि योग्य माणसाला त्याचा चांगला गुण येतो. पण गुडघ्याचा अनुभव घोट्याला लावून निर्णय घेतला तर पुढे पस्तावायची वेळ येऊ शकते. घोट्याची कातडी वेगळी, हाड वेगळं, झिजण्याचं कारण वेगळं. आणि गुडघ्याला नसलेला एक दुसरा चांगला पर्यायही इथे आहे.

माझ्या मोठीमायचा उजवा घोटा रोवणीच्या दिवसांत मोडला. पऱ्ह्यांचा भारा घेऊन धुऱ्यावरून येताना पाय घसरला, पाऊल आत वळलं आणि ती तशीच बांधीत बसली. हाड बसवणाऱ्यानं तेल चोळलं, बांबूच्या कांबट्या बांधून दिल्या. दीड-दोन महिन्यांत ती चालायला लागली, तेव्हा घरातल्या सगळ्यांना वाटलं, झालं बरं. पुढे वीसेक वर्षांनी तिच्या चपला उन्हात वाळत होत्या, तेव्हा माझं लक्ष गेलं. उजव्या चपलेची बाहेरची कड टाचेपाशी झिजून कागदासारखी झाली होती. डावी चप्पल सारखी झिजलेली. म्हणजे इतकी वर्षं ती वाकड्या घोट्यावर चालत होती आणि दुखणं 'वयाचं' म्हणून गिळत होती.

गुडघा बहुतेकांचा वयानं झिजतो. घोटा बहुतेकांचा जुन्या मारानं झिजतो. घोट्याच्या संधिवाताचे दहा रुग्ण बघितले तर त्यांतल्या सात-आठ जणांचा घोटा कधीकाळी मोडलेला किंवा वारंवार मुरगळलेला निघतो. १९७६ साली अमेरिकेत रॅम्से आणि हॅमिल्टन यांनी मृत शरीरांच्या घोट्यांवर मोजमाप करून दाखवलं, की खालचं हाड नुसतं एक मिलिमीटर बाहेर सरकलं तरी सांध्यातला एकमेकांना टेकणारा भाग चाळीस टक्क्यांहून जास्त कमी होतो. एक मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या जाडीपेक्षाही कमी. सगळं वजन मग उरलेल्या छोट्या जागेवर येतं आणि कूर्चा दहा-वीस वर्षांत घासून संपते. म्हणून या लेखातला पहिला सल्ला ऑपरेशनच्या कितीतरी आधीचा आहे: घोटा मोडला, सुजला, त्यावर चार पावलं टाकता येईनात, तर त्याच दिवशी एक्स-रे काढा. हाड जागेवर बसवून प्लेट-स्क्रू लावायची गरज असेल तर ती पहिल्या दोन आठवड्यांत भागवायची असते. तेल आणि कांबट्यांत तो वेळ गेला की पुन्हा मिळत नाही.

आपल्या भागात आणखी एक कारण विसरून चालत नाही, ते म्हणजे सिकलसेल. बालाघाट, गोंदिया, गडचिरोली या पट्ट्यात तो अनेक घरांत आहे. त्यात हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड आतून मरतं. बहुधा खुबा जातो, पण घोट्यातलं टॅलस नावाचं हाडही जाऊ शकतं. ऐन तिशीतल्या माणसाचा घोटा मार न लागता दुखत असेल तर आधी रक्ताची ती तपासणी करून घ्या. सिकलसेल असलेल्या माणसाला भूल देताना आणि ऑपरेशननंतर वेगळी काळजी घ्यावी लागते, म्हणूनही ते आधी कळलेलं बरं.

आता स्वतःचा पाय पुढे घ्या आणि घोट्याच्या समोरून बोट फिरवा. कातडी, तिच्याखाली लगेच दोरीसारख्या शिरा, आणि खाली हाड. मध्ये मांस नाही, चरबी नाही. घोटा बदलताना बहुतेक वेळा चीर याच जागी, उभी, बोटभराहून लांब घेतात. गुडघ्याची जखम भरायला भोवती रक्ताचा भरपूर पुरवठा असतो, तसा इथे नसतो. चालताना घोट्यावर शरीराच्या चार-पाच पट वजन येतं आणि ते पेलणारी जागा गुडघ्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढी. टॅलसच्या निम्म्याहून अधिक भागावर कूर्चाच असते, त्यामुळे त्यात रक्तवाहिन्या शिरायला वाट थोडी. पुढे जे काही धोके सांगणार आहे, ते जवळजवळ सगळे या तीन गोष्टींतून येतात: पातळ कातडी, लहान जागा, कमी रक्त.

कृत्रिम घोट्याचा पहिला प्रयत्न फ्रान्समध्ये १९७० साली झाला. त्यानंतरच्या दहा वर्षांत सिमेंटनं बसवलेले जे घोटे आले, ते इतक्या लवकर सैल झाले की पुष्कळ शल्यविशारदांनी हा नादच सोडला. कोपनहेगनच्या हाकोन कोफोड यांच्यासारख्या थोड्यांनी मात्र रचना बदलत ठेवली. आजचा घोटा म्हणजे नडगीच्या टोकाला धातूची एक चकती, टॅलसवर धातूची टोपी आणि मध्ये टणक प्लॅस्टिकची गादी. सिमेंट बहुधा वापरत नाहीत. धातूच्या खरखरीत पाठीवर आपलं हाड वाढून तो पक्का धरावा, अशी योजना असते.

दुसरा पर्याय सांधा जोडण्याचा, ज्याला दवाखान्यात फ्यूजन म्हणतात. उरलीसुरली कूर्चा खरवडून हाडाला हाड लावतात, पाऊल काटकोनात धरतात आणि स्क्रूंनी आवळतात. दोन-तीन महिन्यांत दोन हाडांचं एक हाड होतं. सांधाच उरत नाही, त्यामुळे त्याचं दुखणंही उरत नाही. 'पाय आखडवून टाकतात' हे ऐकून लोक घाबरतात. पण पावलात पुढे इतर लहान सांधे असतात, ते थोडी हालचाल सांभाळून घेतात. नीट जोडलेल्या घोट्याचा माणूस सपाट रस्त्यानं चालला तर अनोळखी माणसाला पुष्कळदा कळतही नाही.

या दोन ऑपरेशनांची समोरासमोर तुलना झाली ती ब्रिटनमध्ये. टार्वा नावाच्या या अभ्यासात सतरा रुग्णालयांतले, ५० ते ८५ वयाचे ३०३ रुग्ण होते. कोणाला घोटा बदलून मिळणार आणि कोणाचा जोडला जाणार, हे चिठ्ठी काढावी तसं ठरवलं गेलं. २०२२ साली निकाल छापून आला. चालण्या-उभं राहण्याच्या त्रासाचे शंभर गुण धरले, तर एका वर्षात बदललेल्यांचा त्रास पन्नास गुणांनी आणि जोडलेल्यांचा चव्वेचाळीस गुणांनी उतरला. दोन्हींचा फरक इतका लहान, की एक पद्धत दुसरीपेक्षा सरस आहे असं त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. या आकड्यांत मला दिलासा वाटतो. तुमच्या डॉक्टरांनी बदलण्याऐवजी जोडण्याचा सल्ला दिला, तर ते तुम्हाला दुय्यम दर्जाचं काही देत आहेत असं समजू नका.

धोके मात्र दोन्हींचे वेगवेगळे निघाले. जखम भरण्यात अडचण बदललेल्यांत शंभरात तेरा जणांना आली, जोडलेल्यांत सहा जणांना. नसांना इजा बदललेल्यांत शंभरात चार, जोडलेल्यांत एकाहूनही कमी. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचं प्रमाण उलट जोडलेल्यांत जास्त: पाच, तर दुसरीकडे तीन. आणि जोडलेल्यांपैकी शंभरात बारा जणांचं हाड एक्स-रेमध्ये जुळलेलं दिसलं नाही. त्यातल्या सात जणांना त्याचा प्रत्यक्ष त्रास होता.

बदललेला घोटा टिकतो किती? २०१३ साली जगभरचे अभ्यास एकत्र करून जवळपास आठ हजार घोट्यांचा हिशेब मांडला गेला. दहा वर्षांनी शंभरातले एकोणनव्वद जागेवर होते. म्हणजे दर वर्षी शंभरातला एकाहून थोडा जास्त निकामी होतो. बऱ्याच देशांच्या नोंदवह्यांत हा आकडा यापेक्षा खाली दिसतो, कारण तिथे निष्णात केंद्रांबरोबर वर्षाला दोन-चारच घोटे करणारेही मोजले जातात. गुडघ्याचा आकडा दहा वर्षांनी पंच्याण्णवच्या आसपास असतो. फरक लहान वाटेल. पण पंचेचाळीस वर्षांच्या माणसापुढे अजून तीस वर्षं चालायची असतात, हे लक्षात घ्या. पासष्ट-सत्तरीच्या, बेताच्या वजनाच्या, घरातल्या घरात आणि गावात वावरणाऱ्या माणसाला बदललेला घोटा जन्मभर पुरण्याची शक्यता चांगली. चाळिशीतल्या, पोती उचलणाऱ्या माणसाला ती कमी.

आणि काय मिळणार नाही, हेही आधीच कळायला हवं. उकिडवं बसणं परत येत नाही. बदललेल्या घोट्याची हालचाल ऑपरेशनच्या आधी होती त्यापेक्षा फार वाढत नाही. उकिडवं बसायला, चुलीपुढे बसून फुंकायला, परसाकडे बसायला लागतो तेवढा बाक धातूचा घोटा देत नाही. 'दुखायचं थांबेल' हे पुष्कळ अंशी खरं ठरतं. 'पहिल्यासारखा वाकेल' हे बहुधा ठरत नाही. धावणं, उड्या, डोक्यावर ओझं घेऊन उताराची वाट, हे सोडावं लागतं. पायावर संध्याकाळची सूज सहा महिने ते वर्षभर राहते, ती बिघाडाची खूण नसते. पूर्ण गुण यायला वर्ष लागतं.

मोठीमायला नागपूरच्या शल्यविशारदांनी एकच प्रश्न विचारला होता: पाय कशासाठी हवा आहे? ती म्हणाली, "बांधीत उभं राह्यासाठी." ते हसले नाहीत. उभं राहून काढलेला एक्स-रे त्यांनी आम्हाला दाखवला. नडगी आणि टॅलस यांच्यातली काळी रेघ आतल्या बाजूला नाहीशीच झाली होती आणि पाऊल आत कललेलं होतं. एवढा वाकडेपणा, चिखलातलं काम, आणि साठीच्या आतलं वय. त्यांनी जोडण्याचा सल्ला दिला. आज ती सपाटीवर काठीशिवाय चालते. धुरा चढताना पाय आडवा टाकते, उतरताना डावा आधी पुढे करते. पाटावर बसत नाही, स्टुलावर बसून तांदूळ निवडते. तिच्या तोंडून मी तक्रार ऐकली ती एवढीच, की हे वीस वर्षं आधी का केलं नाही.

जोडण्याचं देणंही असतं. अडलेल्या घोट्याचा भार शेजारच्या सांध्यांवर जातो, आणि दहा-वीस वर्षांत टाचेजवळचे सांधे झिजू लागतात. म्हणून ते सांधे आधीच खराब असतील, दोन्ही घोटे गेले असतील किंवा आमवातानं पावलातले अनेक सांधे धरलेले असतील, तर बदलण्याच्या बाजूचं पारडं जड होतं. दुखतं ते नेमकं घोट्यात की त्याच्या खालच्या सांध्यात, हे ठरवायला डॉक्टर कधी कधी एका सांध्यात बधिर करणारं इंजेक्शन देऊन चालायला लावतात. दुखणं थांबलं तर जागा सापडली. ही साधी गोष्ट चुकीचं ऑपरेशन टाळते. सुचवली तर नाही म्हणू नका.

काही पायांत घोटा बदलूच नये. पावलाला स्पर्श कळत नसेल, मग तो कुष्ठरोगानं गेलेला असो की जुन्या मधुमेहानं, तर धातूचा घोटा तिथे टिकत नाही. दुखलं की पाय आखडता घ्यायचा, हा शरीराचा पहाराच उठलेला असतो. माणूस मोडत्या सांध्यावर तसाच चालत राहतो. लहानपणी किंवा तरुणपणी कुष्ठरोगाचे उपचार झाले असतील तर ते लाजून लपवू नका, डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. गोंदिया-भंडाऱ्याकडे हत्तीपाय आजही आढळतो. त्या सुजलेल्या कातडीत चीर भरणं अवघड आणि जंतू शिरणं सोपं. पायात रक्त नीट पोचत नसेल, घोट्यात जुना पू झाला असेल, टॅलसचा मोठा भाग मेलेला असेल, तरी उत्तर बहुधा 'बदलू नये' असंच येतं.

आणि खर्रा. याबद्दल मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण दवाखान्यात तंबाखूबद्दल विचारतात तेव्हा आपली माणसं "बिडी-सिगारेट नाही" म्हणून मोकळी होतात आणि खिशात खर्ऱ्याची पन्नी असते. विचारणाऱ्यानंही पुढे काही विचारलेलं नसतं. तंबाखू ओढा, चघळा की दाताला घासा, निकोटिन रक्तात जातंच. ते कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं. घोट्याच्या समोर जिथे मुळातच रक्त कमी, तिथे जखमेची कड काळी पडते, उघडते, आणि उघड्या जखमेखाली लगेच धातू असतो. हाड जोडायचं असेल तरी तंबाखूनं ते जुळायला वेळ लागतो, कधी जुळतच नाही. ऑपरेशनच्या निदान सहा आठवडे आधी सोडा आणि हाड-कातडी भरेपर्यंत हात लावू नका. सुटत नसेल तर तेही खरं सांगा. डॉक्टर तारीख पुढे ढकलतील, आणि तेच बरं.

जखमेला कोणकोणते दिवस जोखमीचे, ते घरात एका माणसानं पाठ करून ठेवावं. पहिले दोन-तीन आठवडे पाय छातीच्या पातळीवर उचललेला हवा, दिवसातला बहुतेक वेळ. खाली लोंबता ठेवला की सूज येते, सूज आली की टाके ताणतात. टाके साधारण दोन-तीन आठवड्यांनी निघतात. वजन कधी टाकायचं ते प्रत्येकाचं वेगळं, दोन आठवड्यांपासून सहा आठवड्यांपर्यंत. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा नियम आपल्याला लावू नये. जखम पाझरू लागली, कडेला लाली पसरू लागली, कड काळी दिसली किंवा ताप आला, तर गावातल्या मेडिकलमधून गोळ्या आणून वाट बघू नका. हळद-तेल तर नकोच. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे त्याच दिवशी फोन करा. याचं कारण असं, की जंतू आत शिरून काहीच दिवस झाले असतील तर सांधा उघडून, धुऊन, मधली गादी बदलून धातू वाचवता येतो. दिवस गेले की जंतू धातूवर चिकट थर करून बसतात, औषध त्या थराच्या आत पोचत नाही, आणि मग सगळं काढावं लागतं. पोटरी दुखून सुजली किंवा अचानक दम लागू लागला, तर ती रक्ताच्या गाठीची खूण असू शकते. तेव्हा लांबच्या डॉक्टरांची वाट न बघता जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. प्लॅस्टरमध्ये बोटं सुन्न पडून दुखणं वाढतच गेलं, तर रात्र असली तरी थांबू नका.

ऑपरेशन चालू असतानाच बाजूच्या हाडाला तडा जाणं, हेही घडतं. तिथेच स्क्रू लावला की बहुधा ते भरून येतं, पण वजन टाकायला उशीर लागतो. पावलावर बधिरपणा राहिला तर तो काहींचा वर्षभरात कमी होतो, काहींचा राहतो.

उशिरा येणारे बिघाड वेगळे, आणि ते सुरुवातीला बोलत नाहीत. प्लॅस्टिकच्या गादीचे बारीक कण सुटतात, शरीर त्यांच्यावर चालून जातं आणि त्या भरात धातूभोवतीचं हाड पोखरतं. एक्स-रेत पोकळ्या दिसू लागतात तेव्हा माणसाला काहीही दुखत नसतं. हाड पोकळ झालं की चकती खचते, सांधा सैल होतो, आणि तेव्हा दुखतं. क्वचित गादीच तडकते. २०२१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं एका जुन्या, प्रसिद्ध बनावटीच्या घोट्याची गादी अपेक्षेपेक्षा जास्त वेळा तडकते, असा इशारा दिला होता. म्हणून बरं वाटत असलं तरी वर्षातून एकदा उभं राहून एक्स-रे काढायचाच. पोकळी लहान असताना सापडली तर त्यात हाड भरून, गादी बदलून सांधा वाचवता येतो. उशीर झाला तर सगळं काढून दुसरा मोठा घोटा घालावा लागतो, किंवा घोटा जोडावा लागतो. आणि हाड आधीच गेलेलं असल्यानं ते जोडणं पहिल्या वेळेपेक्षा बरंच अवघड, कंबरेतलं हाड आणून भरावं लागतं, पाय थोडा आखूड होऊ शकतो.

एवढं ऐकल्यावर शल्यविशारदांना काय विचारायचं ते आपोआप ठरतं. तुम्ही आजवर किती घोटे बदललेत आणि गेल्या वर्षी किती? हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. गुडघे हजारो करणाऱ्या हातांनाही घोट्याचा सराव वेगळा करावा लागतो, आणि पहिल्या काही ऑपरेशनांत बिघाड जास्त होतात हे त्या क्षेत्रातली माणसंच सांगतात. हा घोटा बिघडला तर दुरुस्ती तुम्हीच कराल का, त्याचं सामान इथे मिळतं का? माझ्या बाबतीत तुम्ही जोडणं का नको म्हणता? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका. बाघ नदी ओलांडली की गोंदियाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथून रेल्वेनं दोन-अडीच तासांवर नागपूरचं शासकीय मेडिकल आणि एम्स. घोटा बदलण्याचं काम प्रत्येक ठिकाणी होत नाही. पण उभं राहून एक्स-रे, साखर आणि रक्ताच्या तपासण्या, आणि एक प्रामाणिक मत, एवढं सरकारी बाह्यरुग्ण विभागात मिळतं.

पैशाचं आधी बोला. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत आणि मध्य प्रदेशचं कार्ड महाराष्ट्रातल्या योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातही चालतं. मात्र यादीत गुडघा आहे म्हणून घोटाही असेलच असं धरू नका. भरती होण्यापूर्वी तिथल्या आरोग्यमित्राकडून ऑपरेशनच्या नावानिशी खात्री करून घ्या. २०१७ साली सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला कमाल मर्यादा घातली, ती गुडघ्यापुरती होती. त्यामुळे घोट्याच्या सामानाची किंमत वेगळी लिहून मागा.

आणि तारीख पंचांग बघून नव्हे, शेत बघून ठरवा. कापणी-मळणी उरकली की पौष-माघात ऑपरेशन करा. पुढचे पाच-सहा महिने कोरडे मिळतात, पाय पाण्यापासून लांब राहतो, आणि रोवणीला घरात माणसं कमी पडायच्या आत जोखमीचे दिवस सरलेले असतात. भरतीच्या आधी महिनाभर पावलांकडे बघा. बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या, टाचांच्या खोल भेगा, आत वाढलेलं नख, ही सगळी जंतूंची दारं. ती बंद करून घेतल्याशिवाय घोटा उघडू देऊ नये. साखर आटोक्यात आणा. किडलेला, ठणकणारा दात असेल तर त्यावरही आधी उपचार करून घ्या.

घरी खाट हवी, ती भिंतीला लावलेली. खाली सतरंजीवर अंथरूण टाकून चालणार नाही, कारण एका पायावर उठता येत नाही. संडासात बैठक नसेल तर खुर्चीसारखं कमोड मिळतं, ते ऑपरेशनच्या आधीच आणून बसून बघा. उंबरठा आणि सारवलेली ओली जमीन, कुबड्या या दोन जागी सरकतात. आठवडाभर आधी घरच्या घरात कुबड्यांचा सराव करा. परतीचा प्रवास भरलेल्या बसमध्ये, पाय खाली सोडून करू नका. रेल्वेत खालचा बाक घ्या, पाय लांब करून.

बसवलेल्या सांध्याच्या डब्यावर चिकटपट्ट्या असतात, त्यांवर बनावट, माप आणि क्रमांक छापलेला असतो. त्यांतली एक तुमच्या कागदात चिकटवलेली आहे ना, ते घरी निघायच्या आधी बघा. पंधरा वर्षांनी दुसऱ्या गावच्या डॉक्टरांना तो सांधा उघडावा लागला, तर त्यांना त्याच मापाची गादी लागेल, आणि त्या वेळी आधीच्या दवाखान्यात जुने कागद सापडतीलच असं नाही. आमच्याकडे मोठीमायचे एक्स-रे आणि स्क्रूंचे कागद जमिनीच्या सातबाऱ्यासारखे जपलेले आहेत, पेटीत तळाला, घडी न घालता.

पहिल्या पावसाळ्यात तिनं बांधीत पाय घातला नाही. धुऱ्यावर स्टूल टाकून बसायची आणि पऱ्ह्यांच्या पेंढ्या मोजून द्यायची. दुसऱ्या वर्षी डॉक्टरांनी हाड पक्कं झाल्याचं सांगितलं, तेव्हा गमबूट घेतले. ते घेताना एक चूक झाली: सकाळी बाजारात जाऊन मापाचे घेतले आणि संध्याकाळी उजवा पाय त्यात शिरेना. ऑपरेशन झालेला पाय दिवसभरात सुजतो, म्हणून पायताण संध्याकाळी घ्यावं, जाड मोजा घालून, एक नंबर मोठं. आणि आत हात फिरवून शिवण कुठे टोचते का ते बघावं, कारण चिरेच्या जागची कातडी पुढे कितीतरी वर्षं नाजूकच राहते.